पांढरं कापड, लाल रंग

शनिवारची सकाळ होती. ओहायोत नऊ वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसहा. गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून मी गाडीच्या बॉनेटवर पॉलिश फिरवत होतो आणि हातातलं पांढरं मायक्रोफायबरचं कापड गुलाबी होत चाललं होतं. आधी फिकट, मग गडद. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, पहिल्याच दिवशी रंग उतरवला आपण!

घाबरून अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा कापडावर धरला. ते दोन सेकंद बघत राहिले आणि हसले.

"आरं, मेलेला रंग निघतोय तो. निघू दे. खाली जित्ता हाय."

नऊ वर्षांपूर्वी मी अमेरिकेत आलो. या नऊ वर्षांत अप्पांनी माझ्या कामाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी नेमकं काय करतो, हे मलाच धड सांगता येत नाही, तर ते काय विचारणार? आमचे फोन ठरलेले. जेवलास का, थंडी किती आहे, आईशी बोल. त्या दिवशी मात्र पन्नास मिनिटं झाली तरी फोन ठेवायचं दोघांच्याही मनात येईना.

गाडीबद्दल सांगतो. माझी गाडी म्हणजे १९९१ची माझदा मियाटा. दोनच सीट, उघडणारं कापडी छप्पर, आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेरारी-लॅम्बोर्गिनी येतात. ही त्यांच्या जातीची नाही. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम एक टन. आजची एखादी साधी फॅमिली कारही सिग्नलवर हिला मागे टाकेल. पण वळणावर ही गाडी जे करते ते शब्दांत सांगणं अवघड आहे. स्टेअरिंग आणि रस्ता यांच्यामध्ये कोणी तिसरा नाही असं वाटतं.

साठच्या दशकातल्या हलक्या, उघड्या इंग्लिश स्पोर्ट्स कार पुढे बाजारातून जवळजवळ संपल्या होत्या. बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटर-पत्रकाराने १९७९ साली माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की तशी गाडी पुन्हा काढा. ती पुढे जपानी कंपनीने काढली, बरीचशी आखणी कॅलिफोर्नियात झाली आणि १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती जगाला दिसली. इंग्लिश गाड्यांची मजा, पण रोज सकाळी सुरू होण्याची हमी! २०१६ साली या गाडीचा आकडा दहा लाखांवर गेला. जगातली सर्वाधिक खपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार हीच.

माझ्या वाट्याला आलेली गाडी मात्र या इतिहासाच्या शेवटच्या पानावरची होती. आधीच्या मालकाने तिचं काय-काय केलं होतं! मागे डिकीवर टेबलाएवढा पंख. बॉनेटवर चिकटवलेला खोटा हवेचा झरोका, ज्याच्या खाली भोकच नाही. दारांवर कार्बन फायबरसारखा दिसणारा स्टिकर. सतरा इंचांची काळी चाकं. आणि या सगळ्याच्या आत विटलेला, खडूसारखा झालेला लाल रंग.

मी पहिल्या महिन्यात यात स्वतःची भर घातली. हे कबूल करायला हवं. पायाखाली निळे एलईडी लावले. गिअरला ॲल्युमिनियमची गोल मूठ बसवली, जी उन्हाळ्यात भाजायची आणि हिवाळ्यात हात गारठवायची. एलईडीची वायर चुकीच्या ठिकाणी जोडली म्हणून दुसऱ्या आठवड्यात फ्यूज उडाला, आणि काही दिवस मी एक हेडलाइट वर, एक खाली अशी डोळा मारणारी गाडी चालवत होतो. शेवटी कळलं, की हेडलाइटच्या मोटरवर एक छोटी मूठ असते, ती हाताने फिरवली की दिवा वर येतो. त्या दिवशी मी या गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं.

त्यानंतर मी लावणं थांबवलं आणि काढणं सुरू केलं. पंख काढला, तर खाली चार भोकं आणि गंज. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोलला. मोठी चाकं विकून मूळची चौदा इंची, सात पाकळ्यांची चाकं शोधून आणली. इकडे त्यांना 'डेझी' म्हणतात. ती हलकी चाकं बसवल्यावर गाडी अशी धावली, जणू पाठीवरचं पोतं उतरवलंय. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत छपराचं पाणी वाहून जायची नळी असते. ती पालापाचोळ्याने तुंबली की पाणी आत साचतं आणि दाराखालचा पत्रा आतून सडतो. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी त्यात घातली. मागच्या चाकांच्या पुढे काळं पाणी भळाभळा वाहिलं. या कामाचा फोटो कोणी लाइक करत नाही. पण गाडी यानेच वाचते.

आणि मग राहिला रंग.

अप्पांचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरच्या एका बोळात होतं. 'डेंटिंग-पेंटिंग' एवढीच पाटी, नाव नाही. पुढे पत्र्याचं छप्पर, मागे कॉम्प्रेसर. फाउंड्र्यांच्या धगीत आणि लेथच्या आवाजात आमचा कॉम्प्रेसर कुणाला ऐकूही जात नसे. ॲम्बेसेडर, फियाट, मग मारुती, मग टेम्पो आणि जीप. गणपतीच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी गर्दी. दसऱ्याला पूजेसाठी गाडी नवी दिसायला हवी, असं प्रत्येकाला वाटायचं.

मला त्या दुकानात जायची बंदी होती. बंदी म्हणजे कडक. एकदा पाचवीत असताना शाळा सुटल्यावर मी तिथे गेलो आणि पॉलिश पेपर हातात घेतला, तर अप्पांनी तो काढून घेतला. "हे हात वहीसाठी हाईत." दादालाही त्यांनी आयटीआयऐवजी बी.कॉम.ला घातलं. आम्हाला वाटायचं, बापाला आपल्या कामाची लाज वाटते. खरं सांगायचं तर लाज मला वाटायची. पालकसभेला ते यायचे तेव्हा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, तरी अंगाला थिनरचा वास असायचा. नखांच्या कडेला कुठल्यातरी गाडीचा रंग. एकदा वर्गातल्या मुलाने विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी म्हणालो, गाड्यांचा बिझनेस आहे.

आता तोच मी, चाळिशीला टेकलेला, शनिवारी सकाळी नखांत लाल रंग भरून त्यांना विचारत होतो, "अप्पा, आता पुढं काय करू?"

त्यांनी मला जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो. कुणाच्या घरी जुनी गाडी किंवा बाइक असेल तर उपयोगी पडेल.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचा थर वेगळा आणि त्यावर पारदर्शक क्लिअरकोट वेगळा असतो. पॉलिश केलं की क्लिअर घासला जातो, म्हणून कापडाला रंग लागत नाही. माझ्या गाडीचा हा लाल मात्र जुन्या पद्धतीचा, एकाच थराचा. रंग आणि चकाकी एकाच थरात. उन्हाने वरचा भाग मरतो, खडूसारखा पांढुरका होतो. तो खरवडला की खालून मूळचा लाल वर येतो. पण इथेच मेख आहे. वर संरक्षण नसल्यामुळे प्रत्येक वेळी तुम्ही खरा रंगच कमी करत असता. गाडीचा सगळा रंग, प्रायमरसकट, साधारण माणसाच्या एक-दोन केसांइतका जाड असतो. म्हणून जितकं लागेल तितकंच घासायचं.

आधी धुवायची. मग क्लेने रंगात रुतलेली बारीक कच उचलायची. मग कडा आणि घड्या मास्किंग टेपने झाकायच्या, कारण कडेला रंग सर्वांत पातळ असतो आणि मशीन तिथेच तो खाते. मग दोन बाय दोन फुटांचा एकच तुकडा करून बघायचा. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करायची. तेवढ्याने भागलं तर त्याच्या पुढे जायचं नाही. उन्हात नेऊन बघायचं. शेवटी मेण.

"ट्यूबलाइट सगळं खोटं दाखवती," अप्पा म्हणाले. "उन्हात ने. ऊन कुणाचं ऐकत न्हाई."

त्यांचा खरा हातखंडा मला दुसऱ्या शनिवारी कळला. डाव्या दारावरच्या एका खोल ओरखड्यावर मी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर मारत होतो. फोन टूलबॉक्सवर उभा केलेला, कॅमेऱ्यात बहुधा फक्त माझं कोपर दिसत असेल. अचानक ते म्हणाले, "थांब. पाणी कमी पडलंय."

"तुम्हाला दिसतंय होय?"

"दिसतंय कुठं? ऐकू येतंय. पेपर सुका लागला की चर्र करतो. पाणी असलं की सुस्स."

मी पाणी मारलं. आवाज बदलला. तेरा हजार किलोमीटरवरून, वायफायवरून, त्या माणसाने पेपरचा आवाज ओळखला होता. मी ऑफिसात ज्यांना 'सीनिअर' म्हणतो, त्यांच्यापैकी कुणाचे कान इतके तयार असतील असं मला वाटत नाही.

चार शनिवार असे गेले. गाडी लाल झाली, अगदी रसरशीत. आई मागून ओरडायची, "जेवण गार होतंय!" आणि अप्पा हाताने तिला थांब म्हणायचे. दादाचा मुलगा मध्येच फोनमध्ये डोकं घालायचा. त्याला त्याच्या बुलेटला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायचा होता. त्याला अप्पांनी एका वाक्यात वाटेला लावलं, "पोलीस रोडरोलरखाली घालतील, तवा बघायला बोलव मला." आपल्याकडे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, की कंपनीने केलेली गाडीची मूळ रचना बदलून चालणार नाही. इथे ओहायोत माझ्या शेजाऱ्याने पिकअपला शिडी लावून चढावं लागेल इतकी उंची दिलीय. पण अप्पांचा मुद्दा कायद्याचा नव्हताच. "गाडी काय म्हणती ते ऐकू आलं पाहिजे," ते म्हणायचे. "तू तिचं तोंड दाबून स्वतःच वरडायलाईस."

पाचव्या शनिवारी सगळं बिघडलं.

पुढचा बंपर प्लास्टिकचा. त्यावरचा रंग तडकला होता, पॉलिशने भागणार नव्हतं. तो नव्याने रंगवायला हवा होता. मी इंटरनेटवरून टू-के क्लिअरचे स्प्रे कॅन मागवले. या कॅनच्या बुडाशी एक बटण असतं. ते दाबलं की आत हार्डनर मिसळतो, आणि मग दुकानातल्यासारखा कडक, काचेसारखा थर बसतो. बाहेर वारा होता, धूळ बसू नये म्हणून मी शटर खाली ओढलं. नाकावर मास्क होता, कोविडच्या वेळचा. कॅन हलवत फोन लावला.

अप्पांनी बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"काय आहे ते? हार्डनरवालं आहे?"

"हो. टू-के."

"शटर उघड."

"अप्पा, धूळ—"

"शटर उघड म्हणतोय ना! ठेव ते खाली. आधी भाईर ये."

मी लहानपणी त्यांचा असा आवाज एकदाच ऐकला होता, पाचवीत, पेपर हातात घेतला होता तेव्हा. मी बाहेर आलो. ते धापा टाकत होते. ओरडल्याने त्यांना दम लागला होता. आईने फोन घेतला, इनहेलर दिला, फोन बंद झाला.

२०११ साली अप्पांनी दुकान सोडलं ते दम्यामुळे. आमच्या घरात त्याला 'अप्पांचा दमा' म्हणतात, जसं एखाद्याचं टक्कल असतं तसं. आजोबांनाही होता म्हणे. इतकाच विचार आम्ही केला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचायला बसलो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते गाडीच्या स्प्रे पेंटर लोकांना होणाऱ्या दम्याचं जगभर माहीत असलेलं कारण आहे. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं, की पुढे अगदी थोडंसं जरी नाकात गेलं तरी झटका येऊ शकतो. त्यातलं सगळ्यात वाईट हे, की त्याचा वास यायला लागतो तेव्हा धोक्याची पातळी आधीच ओलांडलेली असते. नाकावर विसंबता येत नाही. साधा मास्क निरुपयोगी. व्यवस्थित काम म्हणजे हवा खेचणारा बूथ आणि नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून विचारलं, "तुम्ही काय लावायचा तोंडाला?"

"रुमाल. वला करून."

"का? मास्क मिळत नव्हते?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैलं एनसी रंग होता. दहा हात मारा, वाळवा, घासा. मग पीयू आलं. एकदा मारला की आरसा. घासायचं काम निम्म्यावर. कंपनीचा माणूस आला हुता दुकानात. शेडकार्ड दिलं. कॅलेंडर दिलं. पेन दिलं. मास्कचं कोण बोललंच न्हाई. मला वाटलं, वास कमी हाय, म्हंजे चांगला असंल."

मग आणखी थोडं थांबून, "तुला दुकानात येऊ देत न्हवतो. तुला राग यायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कुठलं? पण रात्री छाती वाजायची. पोराची वाजू नये, एवढं कळत हुतं."

मी तीस वर्षं ज्या गोष्टीचा अर्थ 'हे काम हलकं आहे' असा लावत होतो, तिचा अर्थ एवढा साधा होता. यावर मी काही बोललो नाही. बोलायची आमची पद्धत नाही. मी म्हणालो, "बंपर बाहेर देतो रंगवायला." ते म्हणाले, "दे."

बंपर मी गावातल्या एका बॉडी शॉपला दिला. तिथला पेंटर बूथमध्ये शिरताना डोक्यापासून झाकलेला होता, पाठीमागे हवेची नळी. काचेतून मी त्याचा एक फोटो काढला, पण अप्पांना पाठवला नाही. चार दिवसांनी बंपर आला. काम सुबक, पण लाल थोडा वेगळा. नवा लाल तीस वर्षं ऊन खाल्लेल्या लालशी जुळणार कसा? मी पुन्हा करून घ्यायच्या बेतात होतो. अप्पा म्हणाले, "र्‍हाऊ दे. दोन-तीन उन्हाळे जाऊ देत, दोघंबी एका जागी येतील." आलेले नाहीत अजून. येतील असंही वाटत नाही. क्लिअरच्या खालचा लाल इतक्यात विटत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते मला समजूत घालत होते, हे मला कळलं आणि कळलंय हे मी त्यांना सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरला गेलो. बॅगेत दोन चांगले रेस्पिरेटर आणि फिल्टरचे डबे. दुकान आता अप्पांच्या हाताखाली तयार झालेला माणूस चालवतो. मी त्याला सगळं समजावलं. फिल्टर कधी बदलायचे, दाढी असली तर मास्क का बसत नाही, आणि खरं तर हवेची नळीच हवी. त्याने मान डोलावली. त्याच्या हाताखाली विशी-बाविशीची दोन पोरं होती, मोबाइलवर माझ्या गाडीचे फोटो बघून "भारी!" म्हणत होती. पहिल्या दिवशी दोघांनी मास्क लावले. दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन्ही मास्क खिळ्याला टांगलेले आणि पोरगं गन घेऊन दाराला रंग मारतंय, तोंडाला रुमाल.

"उकडतंय ओ," ते म्हणालं. "आणि दिसत न्हाई नीट."

मी काय बोलणार? मी चौदा दिवसांचा पाहुणा.

जानेवारीत परत आल्यावर आईने सांगितलं, की अप्पा रोज संध्याकाळी चार वाजता दुकानाकडे जातात. आत जात नाहीत, आत गेले की खोकला लागतो. बोळाच्या तोंडाशी, वाऱ्याच्या बाजूला, खुर्ची टाकून बसतात. पोरांनी गन हातात घेतली की लांबूनच ओरडतात, "मास्क!" ओरडून त्यांना दम लागतो, म्हणून आता दादाने त्यांना शिट्टी आणून दिलीय.

पोरं चिडतात म्हणे. पण शिट्टी वाजली की मास्क लावतात.